क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग लघवीतून प्रोटीन का जातंय?

या वेळचं पत्र चाकणहून एका ताईंचं आहे. त्यांच्या परवानगीने, नाव काढून, थोडं छोटं करून देतेय.

"डॉक्टर ताई नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे पण मिस्टरांच्या नोकरीमुळे दहा वर्षं चाकणला राहतो. मिस्टर ४५ चे आहेत, कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात. उंची साडेपाच फूट, वजन ६८, म्हणजे जाड अजिबात नाहीत, हातपाय बारीकच आहेत, फक्त पोट तेवढं सुटलंय. कंपनीच्या चेकअपमध्ये बीपी १४८/९४ आलं, उपाशीपोटी शुगर ११८, एचबीएवनसी ६.३, ट्रायग्लिसराइड २४०, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. ईसीजी नॉर्मल. क्रिएटिनिन ०.९ म्हणजे नॉर्मल आहे पण युरिन एसीआर ८६ आलाय आणि तो जाड अक्षरात छापलाय. बीपीची टेल्मिसार्टन ४० चालू होती ती यांनी चार महिन्यांपासून बंद केलीय, मित्राने मेसेज पाठवला होता की बीपीच्या गोळ्यांनी किडनी खराब होते. आता कोणी म्हणतं हार्टवाल्याला दाखवा, कोणी किडनीवाल्याला, कोणी शुगरवाल्याला. माझे सासरे ५४ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, शेवटचं वर्षभर त्यांचं डायलिसिस पण चालू होतं, त्यामुळे रिपोर्ट बघितल्यापासून मला झोप नाही. आधी कुठे जायचं? शेजारच्या काकांनी वजन कमी व्हायचं इंजेक्शन घेतलं, ते यांना चालेल का? मला स्वतःला दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यात शुगर निघाली होती पण डिलिव्हरीनंतर गेली, त्यामुळे शुगरचं थोडंफार माहितीय, पण हे तीन-तीन आजार एकदम कसे आले तेच कळत नाही."

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यातल्या एकाच आकड्याला पेनने गोल केला, एसीआर ८६, म्हणजे लघवीतून किती प्रोटीन जातंय त्याचा आकडा. त्याच्यावर येतेच, पण आधी तुमचं शेवटचं वाक्य घेते. हे आजार एकदम आलेले नाहीत आणि ते तीन पण नाहीत. पोटातल्या चरबीपासून निघून शुगर, बीपी, किडनी आणि हार्ट अशी ही एकच वाट आहे, आपल्याकडे प्रत्येक अवयवाचा डॉक्टर वेगळा, फाइल वेगळी, म्हणून आपल्याला आजार पण वेगळे वाटतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने या सगळ्याला मिळून एक नावच दिलं, कार्डिओव्हॅस्क्युलर-किडनी-मेटाबॉलिक सिंड्रोम, थोडक्यात सीकेएम, आणि त्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी म्हणजे जादा चरबी, दुसरीवर बीपी, डायबिटीस, ट्रायग्लिसराइड नाहीतर किडनीचा त्रास सुरू झालेला, तिसरीवर हृदयात किंवा रक्तवाहिन्यांत बदल झालेत पण माणसाला काही जाणवत नाही, आणि चौथी म्हणजे अटॅक, लकवा, हार्ट फेल्युअर असं काहीतरी प्रत्यक्ष झालेलं. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून मिस्टर दुसऱ्या पायरीवर दिसतात. इथून मागे फिरता येतं हे मला तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचंय, म्हणजे आज रात्री तरी झोप लागेल.

आता ते "जाड अजिबात नाहीत" बद्दल. ६८ किलो आणि साडेपाच फूट म्हणजे बीएमआय २४.२ येतो आणि कंपनीच्या रिपोर्टमध्ये बहुतेक त्याच्यापुढे नॉर्मल छापलं असेल, कारण बऱ्याच लॅब अजून २५ ची मर्यादा धरतात. आपल्या भारतीय लोकांसाठी ती २३ आहे, २५ च्या पुढे तर लठ्ठपणाच धरतात. आणि ही मर्यादा खाली का आणली ते समजायला पुण्याचंच उदाहरण घ्या. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, दोघंही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये दोघांच्या फोटोसकट छापून आलं. याज्ञिक यांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं पण मोजली, तर ती इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला खूप कमी, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे बारीक हातपाय आणि सुटलेलं पोट ही आपली जन्मापासूनची ठेवण आहे, त्यात पोटभर खाणं आणि बसून काम आलं की चरबी त्वचेखाली न जाता आत लिव्हरमध्ये, आतड्यांभोवती, हृदयाभोवती, किडनीभोवती जाऊन बसते. तुमच्या मिस्टरांचा फॅटी लिव्हर तेच सांगतोय.

म्हणून वजनकाटा ठेवा बाजूला आणि शिलाईची टेप घ्या. माझ्याकडे येणारे पुरुष कंबर विचारली की पॅन्टचा नंबर सांगतात, चौतीस, पण पॅन्ट पोटाच्या खाली बांधलेली असते हो, ती कंबर नव्हेच. शर्ट वर करून, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरायची, श्वास सोडायला सांगायचा आणि मग आकडा बघायचा. टेप लागली की माणूस आपोआप पोट आत ओढतो, त्यामुळे दोनदा मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे, बायकांना ८० च्या आत. मिस्टरांचं ९५-९८ च्या आसपास आलं तर मला नवल वाटणार नाही.

ही आतली चरबी नुसती पडून राहत नाही, हे लोकांना माहितीच नसतं. ती रक्तात सतत फॅटी अ‍ॅसिड सोडत राहते, ते लिव्हरमध्ये जातं, तिथून ट्रायग्लिसराइड वाढतात, इन्सुलिन असून त्याचं काम होत नाही म्हणून शरीर आणखी इन्सुलिन बनवतं. वाढलेल्या इन्सुलिनमुळे किडनी मीठ धरून ठेवते, मीठ धरलं की पाणी धरलं, बीपी चढलं. चरबीतून सूज वाढवणारी रसायनं निघतात ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतात. म्हणजे एका बाजूने हार्टच्या नसांमध्ये कोलेस्टेरॉल जमायला जागा तयार होते आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने किडनीवर लोड येतो. एकीकडे पंप आहे, दुसरीकडे गाळणी आहे, पाइप दोघांचे तेच. पंप थकला तर गाळणीला नीट रक्त मिळत नाही, गाळणी बिघडली तर पाणी आणि मीठ साठून पंपावर भार येतो.

आता ८६. एकेका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं परत आत घेतलं जातं, लघवी होते दीड-दोन लिटर. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन मोठं असतं, ते या गाळणीतून सहसा जात नाही. पण शुगर, चरबी आणि बीपीमुळे प्रत्येक गाळणीच्या आत प्रेशर वाढतं, आत येणारी नळी सैल पडते, बाहेर जाणारी आवळते, आणि मग अल्ब्युमिन थोडं थोडं झिरपायला लागतं. एसीआर म्हणजे ते झिरपणं. ३० च्या आत नॉर्मल, ३० ते ३०० म्हणजे सुरुवात झालीय, ३०० च्या वर म्हणजे बरंच पुढे गेलंय. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा, किडनीचं काम घटलं की तो रक्तात वाढतो. मग तो नॉर्मल का, तर किडनीला राखीव ताकद भरपूर असते, जवळजवळ निम्मं काम कमी होईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलच्या रांगेत राहू शकतं. मिस्टरांचा जीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते तो आकडा, काढला तर १०७ च्या आसपास येतो, छान दिसतो, पण सुरुवातीच्या काळात गाळण्या जादा प्रेशरवर पळत असतात म्हणूनही तो चांगला दिसू शकतो. ज्यांना शुगर, बीपी किंवा पोट सुटलेलं आहे त्यांनी नुसतं क्रिएटिनिन करून "किडनी ओके" म्हणू नये असं मी म्हणूनच जीव तोडून सांगते, लघवीची ही तपासणी फार महागडी नाहीये तरी ती बऱ्याच पॅकेजमध्ये नसतेच. तुमच्या कंपनीच्या चेकअपमध्ये ती होती हे नशीब.

आणि हा आकडा नुसता किडनीचा नाही ताई. लघवीतून अल्ब्युमिन जातंय म्हणजे शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर गळकं झालंय, हार्टच्या पण. जीएफआर चांगला असला तरी असा एसीआर असलेल्यांना अटॅक आणि हार्ट फेल्युअरचा धोका जास्त असतो. किडनीच्या पेशंटमधले बरेच जण डायलिसिसपर्यंत पोचायच्या आधी हार्टनेच जातात. तुमच्या सासऱ्यांना दोन वेगळे आजार झाले होते असं घरात सगळे धरून चालले असतील, पण बहुतेक ती हीच वाट होती. आणि वडिलांना ५५ च्या आत अटॅक आला असेल तर मुलाचा धोका वाढलेला धरतात, त्यामुळे हे डॉक्टरांना न विसरता सांगा, फॉर्मवर लिहायला जागा नसली तरी तोंडी सांगा.

एक मात्र आहे, एका लघवीवरून शिक्का मारायचा नाही. ताप असेल, युरिन इन्फेक्शन असेल, आदल्या दिवशी खूप अंगमेहनत झाली असेल किंवा त्या वेळी बीपी फार चढलेलं असेल तरी हा आकडा वर जातो. म्हणून सकाळची पहिली लघवी देऊन पुन्हा करायची, ही पहिली धरून तीन ते सहा महिन्यांत तीन वेळा, त्यातल्या दोनदा वाढलेला आला तर पक्कं. पण पक्कं होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं असा त्याचा अर्थ नाही.

आणि आता त्या मेसेजबद्दल, कारण खरं सांगायचं तर पत्रातल्या सगळ्या गोष्टींत मला यानेच जास्त अस्वस्थ केलं. बीपीच्या गोळ्यांनी किडनी खराब होते हे उलटं आहे, बीपी चढं राहिल्याने किडनी खराब होते. आणि टेल्मिसार्टन तर असल्या झिरपणाऱ्या किडनीसाठी मुद्दाम निवडून देतात असं औषध आहे. ती बाहेर जाणारी आवळलेली नळी मी सांगितली ना, ही गोळी ती सैल करते, गाळणीतलं प्रेशर उतरतं, अल्ब्युमिन जाणं कमी होतं. गैरसमज कुठून आला असेल ते पण मला कळतं. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वर जाऊ शकतं, प्रेशर उतरल्याचाच तो परिणाम असतो, ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात, पण घरी कोणीतरी दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघतं आणि म्हणतं बघा गोळीने किडनी गेली. म्हणून गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करायचं असतं, ते करून घ्या. उलट्या-जुलाब लागले, पाणी कमी पडलं तर त्या दिवसांत ही गोळी घ्यायची का ते फोन करून विचारा. पण मनाने बंद, हे नको. चार महिने गेलेत, आता या आठवड्यातच डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा सुरू करायचं बोला, पुढच्या सुट्टीची वाट बघू नका.

किडनी खरंच खराब करणाऱ्या गोळ्या वेगळ्याच असतात. माझ्याकडे एक रिक्षावाले काका यायचे, पोट मोठं, पाय काड्या. एकदा आले ते तीन पिशव्या घेऊन, एकीत शुगरची फाइल, एकीत हार्टची, तिसरीत गुडघ्याची. जिने चढताना धाप लागते म्हणाले, रात्री दोन उशा लागतात. पाय बघितले तर मोज्याचं रबर रुतून खोल वळ पडलेला, नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तो कितीतरी वेळ भरलाच नाही. तिसऱ्या पिशवीत गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक होतं, दोन वर्षं रोज एक, कधी दोन. पहिल्या दोन पिशव्यांतल्या कोणालाच हे माहिती नव्हतं कारण कोणी तिन्ही पिशव्या एका टेबलावर ओतल्याच नव्हत्या. त्यांची लघवी मी तपासली तेव्हा एसीआर ९०० च्या वर होता. त्याआधी कधीच केला नव्हता. म्हणून मिस्टरांना शिफ्टमध्ये उभं राहून कंबर, पाय दुखत असतील आणि मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची सवय असेल तर ती आजच थांबवा, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफिनॅक सगळं त्यातच येतं. डॉक्टरांना विचारून साधी पॅरासिटामॉल चालते. ओळखीच्या कुठल्याशा वैद्याकडच्या नाव नसलेल्या पुड्या, भस्मं पण नकोत, त्यात शिसं-पारा निघालेले पेशंट डॉक्टरांनी बघितलेले आहेत.

आधी कुठे जायचं याचं उत्तर, एका चांगल्या एमडी मेडिसिन फिजिशियनकडे, आणि सगळे कागद एकाच फाइलमध्ये घेऊन. आत्ता तीन स्पेशालिस्ट लागत नाहीत. एसीआर ३०० च्या पुढे गेला किंवा जीएफआर घसरायला लागला तर किडनीचे डॉक्टर लागतील, धाप, छातीत दाब, पायावर सूज असं काही असेल तर मात्र थांबायचं नाही, हार्टचे डॉक्टर लगेच. ईसीजी नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, आरामात पडून काढलेला ईसीजी खूपदा नॉर्मलच येतो. तुम्ही एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, लिहिलंच नाहीये, तो बघून कोलेस्टेरॉलची गोळी लागते का ते विचारा. रात्री मोठ्याने घोरतात का, मधेच श्वास अडकतो का, ते तुम्हालाच माहिती असणार, ते पण सांगा, कारण झोपेत श्वास अडकत असेल तर बीपी औषधालाही दाद देत नाही. आणि तंबाखू किंवा सिगारेट असेल तर बाकी सगळ्याच्या आधी ती.

खाण्याचं मी लांबवत नाही, कारण तुम्हाला गरोदरपणातलं पथ्य पाठ असेल. पण शिफ्टच्या माणसाचं खरं खाणं कँटीनमध्ये आणि गेटबाहेर होतं. दिवसाला सहा चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर ५० ते ६० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते, ती आधी निम्मी करा, मग बंद. रात्रपाळीत दोन वाजता वडापाव खाण्यापेक्षा डब्यात मटकीची उसळ, उकडलेली अंडी, एखादी भाकरी द्या. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून सपाट एक चमचा, आणि आपल्याकडे लोणचं, पापड, फरसाण, शेंगदाण्याची चटणी आणि ताटात वरून वाढलेलं मीठ धरून ते सहज दुप्पट होतं. सैंधव घेतलं तरी ते मीठच आहे, सोडियम तेवढंच. आणि बाजारात ते लो सोडियम मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टन घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात वापरू नये. वजन चार-पाच किलो उतरलं तरी बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड सगळ्यात फरक दिसतो, आणि आपल्याकडे पोट आधी उतरतं की नाही ते टेपवर महिन्याला एकदा बघा. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला आणि आठवड्यातून दोनदा-तीनदा उठाबशा, जोर असं काहीतरी, कारण शुगर जिरवायला स्नायू लागतात आणि तेच आपल्याकडे कमी आहेत.

इंजेक्शनचं. सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही औषधं खरंच चांगली आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. २०२३ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये १७,६०४ लोक होते, सगळे आधीच हार्टचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेले, वजन जास्त पण डायबिटीस नाही, त्यांच्यात सेमाग्लुटाइडने अटॅक, लकवा आणि हार्टमुळे होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. २०२४ मध्ये डायबिटीस आणि किडनी आजार दोन्ही असलेल्यांवर ट्रायल झाली त्यात किडनी बिघडण्याच्या मोठ्या घटना आणि किडनी-हार्टमुळे होणारे मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी कमी झाले. पण मिस्टर या दोन्ही गटांत बसत नाहीत, शुगर अजून डायबिटीसच्या आत आहे, बीएमआय २४. आणि वजन उतरताना चरबीबरोबर स्नायू पण जातात, ते त्यांच्याकडे मुळात कमी. त्यामुळे आत्ता नको. त्यापेक्षा डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांबद्दल फिजिशियनशी बोला, म्हणजे मागू नका, विचारा. या शुगरच्या म्हणून आल्या, लघवीतून साखर बाहेर काढतात, पण २०१५ पासून एकेक ट्रायल आली तसं लक्षात आलं की त्या हार्ट फेल्युअर आणि किडनी दोन्हीला सांभाळतात, डायबिटीस नसलेल्या किडनी पेशंटना सुद्धा. त्या आत येणारी सैल नळी थोडी आवळतात, म्हणजे टेल्मिसार्टनने एका बाजूने आणि याने दुसऱ्या बाजूने गाळणीचं प्रेशर उतरतं. जेनेरिक आल्यापासून परवडतात पण. मिस्टरांना त्या लागतील का हे पुढचे दोन एसीआर आल्यावर ठरेल.

आणि ताई, आता तुमचं. पत्रात तुम्ही एक ओळ सहज लिहून पुढे गेलात, दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यात शुगर निघाली होती पण नंतर गेली. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईला पुढे डायबिटीस व्हायचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो आणि हार्टचा पण, म्हणून तिने दर एक ते तीन वर्षांनी शुगर तपासायची असते. तुमचं मूल आता केवढं आहे, आणि डिलिव्हरीनंतर तुमची शुगर कोणी तपासलीय का? सगळ्या पत्रात तुमचं वजन नाही, बीपी नाही, कंबर नाही. टेप काढाल तेव्हा त्यांची मोजून झाली की तुमची पण मोजा. आणि ज्या सकाळी ते पहिली लघवी घेऊन लॅबमध्ये जातील त्या सकाळी तुम्ही पण उपाशीपोटी बरोबर जा, तुमची शुगर, एचबीएवनसी आणि बीपी करून घ्या, आणि दोघांचे रिपोर्ट मला एकाच पाकिटात पाठवा.